लोकवर्गणीच्या बोर्डावर दिवा लागतो, पण पडद्यावर काही दिसत नाही

संगणक-शंका : वाचकांचे प्रश्न आणि त्यांची उत्तरे

किकस्टार्टरसारख्या संकेतस्थळांवर लोकवर्गणी जमवून तयार केलेल्या सिंगल-बोर्ड संगणकांविषयी (एकाच सर्किट-बोर्डावर बसवलेला छोटा पूर्ण संगणक) नाशिक शहरातून आणि जिल्ह्यातून बरीच पत्रे आली आहेत. अशा बोर्डाबरोबर बहुधा ना अडॅप्टर येतो, ना मेमरी कार्ड, ना छापील माहितीपुस्तिका, त्यामुळे पुढचे काय हा प्रश्न पाकीट उघडल्या क्षणापासून उभा राहतो. पत्रे थोडी संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षात शिकते. वर्गणी भरल्यानंतर बऱ्याच महिन्यांनी ऑलविनर कंपनीची चिप असलेला बोर्ड हाती आला. ऑपरेटिंग सिस्टिमची फाइल उतरवून घेतली, मेमरी कार्डावर कॉपी केली, बोर्डाला मोबाइलचा चार्जर लावला आणि एचडीएमआय केबल घरच्या टीव्हीला जोडली. तांबडा दिवा लागतो, पण टीव्हीवर 'नो सिग्नल' एवढेच दिसते. बोर्ड खराब निघाला असे समजावे का?
— विद्यार्थिनी, गंगापूर रोड

उत्तर : तसे समजण्याची वेळ अजून आलेली नाही. तांबड्या दिव्याचा अर्थ ५ व्होल्ट बोर्डापर्यंत पोहोचले एवढाच असतो. बहुतेक बोर्डांवर तो दिवा थेट विजेच्या वाटेवर जोडलेला असतो आणि प्रोसेसर जागा झाला की नाही याच्याशी त्याचा काही संबंध नसतो.

तुमच्या पत्रातला 'कॉपी केली' हा शब्द मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. अशा बोर्डावर पीसीसारखा बायोस, म्हणजे पीसी सुरू करणारा प्रोग्राम, नसतो. चिपच्या आत कारखान्यातच कोरलेला एक छोटा प्रोग्राम असतो आणि वीज मिळताच तो मेमरी कार्डावर एका ठरलेल्या जागी पुढचा प्रोग्राम शोधतो. ऑलविनरच्या चिपांमध्ये ही जागा कार्डाच्या सुरुवातीपासून ८ किलोबाइटवर असते, रॉकचिपच्या चिपांमध्ये ३२ किलोबाइटवर. तिथे फाइलींची यादी नसते, फोल्डर नसतात, नुसते बाइट असतात. इमेज फाइल (सगळ्या कार्डाची हुबेहूब नक्कल असलेली, उतरवून घेतलेली फाइल) कार्डावर कॉपी केली की ती एखाद्या छायाचित्रासारखी कार्डावर पडून राहते आणि ठरलेल्या जागी चिपला काहीच सापडत नाही. म्हणून फाइल आधी सोडवून (अनझिप करून) घ्यावी आणि बलेनाएचरसारख्या प्रोग्रामने, किंवा लिनक्स वापरत असाल तर डीडी या आज्ञेने, कार्डावर 'लिहावी'. डीडी वापरताना कार्डाऐवजी स्वतःच्या लॅपटॉपच्या डिस्कचे नाव दिले तर ती आज्ञा काही न विचारता सगळी डिस्क पुसून टाकते, तेव्हा एंटर दाबण्यापूर्वी नाव दोनदा वाचावे. उतरवलेल्या फाइलीचा एसएचए-२५६ आकडा (फाइलीच्या मजकुरावरून काढलेली खूण) संकेतस्थळावर दिलेल्या आकड्याशी जुळतो का, हेही आधी पाहावे. अर्धवट उतरलेल्या फाइलीवर संध्याकाळ घालवणारे कमी नाहीत.

दुसरी गोष्ट, इमेज तुमच्याच बोर्डाची हवी. एकाच चिपवर बेतलेले दोन बोर्ड असले तरी कोणत्या पिनेवर काय जोडले आहे हे प्रत्येकात वेगळे असते. पीसीमध्ये ही माहिती ऑपरेटिंग सिस्टिमला यंत्राकडूनच बरीचशी मिळते, एआरएम (मोबाइलमध्ये असतात तशा प्रोसेसरच्या) बोर्डांवर मात्र ती 'डिव्हाइस ट्री' नावाच्या वेगळ्या फाइलीतून द्यावी लागते. ती फाइल चुकीची असेल तर बोर्ड चालू होऊनही चित्र, नेटवर्क किंवा यूएसबी यांपैकी काहीतरी बंद राहते. आर्मबियन या, अशा बोर्डांसाठी लिनक्स तयार करणाऱ्या प्रकल्पाच्या यादीत तुमच्या बोर्डाचे नेमके नाव सापडले, तर निर्मात्याच्या जुन्या इमेजऐवजी आर्मबियनचीच घ्यावी असे माझे मत आहे. निर्माते सहसा बोर्ड पाठवण्याच्या घाईत एक इमेज तयार करतात आणि पुढे तिच्याकडे फारसे वळून पाहत नाहीत.

कार्डाचीही परीक्षा घ्यावी. ६४ जीबी छापलेल्या कार्डात प्रत्यक्षात ८ जीबीच असावेत असे प्रकार बाजारात आहेत. विंडोजवर एचटूटेस्टडब्ल्यू आणि लिनक्सवर एफथ्री हे प्रोग्राम कार्ड पूर्ण भरून पुन्हा वाचतात आणि खरे-खोटे करतात. कार्ड नीट लिहिले गेल्यावर पहिल्या वेळी बोर्डाला काही मिनिटे द्यावीत, कारण पहिल्या सुरुवातीला तो कार्डावरचा विभाग पूर्ण आकारापर्यंत वाढवत असतो आणि त्या वेळी पडदा काळा राहू शकतो. तेवढ्यात घाबरून वीज काढली की चांगले लिहिलेले कार्डही बिघडते.

एवढे करूनही टीव्ही कोराच राहिला तर टीव्हीचा नाद सोडून द्यावा. बोर्डाची नेटवर्क केबल घरच्या राउटरला जोडावी आणि राउटरच्या पानावर जोडलेल्या उपकरणांच्या यादीत नवे नाव येते का ते पाहावे. आले, तर बोर्ड चालू आहे आणि अडचण फक्त चित्राची आहे. लॅपटॉपवरून एसएसएचने (नेटवर्कवरून आज्ञा देण्याच्या सोयीने) आत शिरता येते. आर्मबियनच्या अनेक इमेजमध्ये पहिले प्रवेशनाव 'रूट' आणि परवलीचा शब्द '१२३४' असतो आणि तो लगेच बदलावा लागतो. एचडीएमआयवरून जुन्या व्हीजीए मॉनिटरला जोडणारे कन्व्हर्टर तर अशा बोर्डांशी हमखास भांडतात, ते सुरुवातीच्या काळात टाळावेत.

राउटरच्या यादीतही नाव नसेल, तर मात्र सिरियल कन्सोल, म्हणजे बोर्ड सुरू होताना लिहितो त्या ओळी तारेने लॅपटॉपवर दाखवणारी जोडणी, हाच खरा मार्ग आहे आणि माझ्या मते बोर्डाबरोबर सर्वांत आधी घ्यायची वस्तू तीच आहे. यूएसबी ते टीटीएल असा छोटा कन्व्हर्टर दीड-दोनशे रुपयांच्या आसपास मिळतो. तो ३.३ व्होल्टचा असावा, ५ व्होल्टच्या पातळीने चिपची पिन जळू शकते. तीनच तारा जोडायच्या: ग्राउंडला ग्राउंड, कन्व्हर्टरच्या टीएक्सला (पाठवणारी पिन) बोर्डाची आरएक्स (घेणारी पिन) आणि कन्व्हर्टरच्या आरएक्सला बोर्डाची टीएक्स. व्हीसीसी लिहिलेली चौथी तार मोकळी सोडावी. लॅपटॉपवर पुटी किंवा मिनिकॉम हा टर्मिनल-प्रोग्राम उघडून वेग १,१५,२०० बिट प्रतिसेकंद ठेवावा. रॉकचिपच्या बोर्डांवर हा वेग बहुधा १५,००,००० असतो आणि तिथे सीपी२१०२ चिपचा साधा कन्व्हर्टर पुरत नाही, कारण त्याची मर्यादा १० लाखांवर संपते, सीएच३४० चालतो.

आता बोर्डाला वीज द्यावी आणि काय उमटते ते वाचावे. काहीच उमटले नाही, तर टीएक्स-आरएक्सची अदलाबदल करून पाहावी. तरीही शांतता असेल तर चिपला कार्डावर पहिला प्रोग्राम सापडलेला नाही, म्हणजे पुन्हा कार्ड आणि इमेज. यू-बूटच्या (कार्डावरून सिस्टिम सुरू करणाऱ्या प्रोग्रामच्या) ओळी येऊन थांबल्या, तर कार्डाचा पहिला भाग ठीक आहे, पण कर्नल (सिस्टिमचा गाभा) किंवा डिव्हाइस ट्रीची फाइल मिळत नाही. कर्नलच्या ओळी भराभर सरकल्या आणि शेवटी 'अनेबल टू माउंट रूट' अशा अर्थाचा संदेश देऊन कर्नल पॅनिक आला, तर दोष कार्डावरच्या मुख्य विभागात आहे. आणि ओळी चालू असताना मध्येच पुन्हा यू-बूटची पहिली ओळ आली, तर बोर्ड आपोआप रिस्टार्ट होत आहे. त्याचे कारण बहुतेक वेळा पुढच्या प्रश्नात सापडेल. त्या ओळी फाइलीत साठवून ठेवाव्यात. कोणाकडेही मदत मागायची झाली तर 'बोर्ड चालत नाही' या वाक्यापेक्षा त्या ओळींना शंभरपट किंमत असते.

प्रश्न : माझा बोर्ड नीट चालू होतो, पण यूएसबी हार्ड डिस्क जोडली किंवा मोठे अपडेट सुरू केले की आपोआप बंद होऊन पुन्हा सुरू होतो. चार्जर २ अँपिअरचा आहे, दुसराही लावून पाहिला. निर्मात्याला ईमेल केली, उत्तर नाही.
— वाचक, सिडको

उत्तर : चार्जर बदललात, केबल बदललीत का? बहुतेक जण केबलीला निर्दोष धरून चालतात.

थोडा हिशेब करू. स्वस्त यूएसबी केबलीत वीज वाहणारी तार पुष्कळदा २८ गेजची असते (गेजचा आकडा जितका लहान, तितकी तार जाड). त्या जाडीच्या तांब्याच्या तारेचा रोध मीटरमागे सुमारे ०.२१ ओहम असतो आणि वीज एका तारेने जाऊन दुसरीने परत येत असल्यामुळे एक मीटर केबलीचा रोध ०.४२ ओहमच्या घरात जातो. बोर्डाने २ अँपिअर ओढले की केबलीतच सुमारे ०.८५ व्होल्ट खर्च होतात आणि चार्जरने प्रामाणिकपणे ५ व्होल्ट दिले तरी बोर्डाच्या वाट्याला ४.१५ येतात. तीच केबल २० गेजची असेल तर खर्च होतात सुमारे ०.१३ व्होल्ट. रास्पबेरी पाय या बोर्डावर कमी दाबाची सूचना ४.६३ व्होल्टच्या खाली येते, यावरून ४.१५ ची अवस्था लक्षात यावी. बोर्ड निवांत असताना तो अर्धा अँपिअरही घेत नाही, म्हणून सगळे ठीक भासते. डिस्क फिरू लागली किंवा चारही कोअर कामाला लागले की दाब कोसळतो आणि बोर्ड रिस्टार्ट होतो.

केबलीच्या आवरणावर बारीक अक्षरांत तारांचे गेज छापलेले असते. दोन आकडे असतील तर '२सी' च्या आधीचा आकडा विजेच्या जोडीचा. २४ किंवा त्याहून लहान आकडा असलेली, अर्ध्या मीटरहून आखूड केबल घ्यावी. आकडा छापलेलाच नसेल तर एम. जी. रोडवरचा दुकानदार कितीही शपथेवर सांगो, ती केबल फोन चार्ज करण्यापुरती ठेवावी. त्यातही बोर्डाची वीज मायक्रो-यूएसबीतून येत असेल तर तो सॉकेटच मुळी १.८ अँपिअरसाठी आखलेला आहे, त्याहून अधिक ओढण्याची अपेक्षा करणे हा बोर्ड आखणाऱ्याचा आशावाद म्हणावा लागेल. बोर्डावर वेगळा गोल सॉकेट किंवा ५ व्होल्टच्या पिना असतील तर वीज तिथून द्यावी. सातपूर-अंबडकडे पॅनेल वायरिंग करणारे ओळखीचे कोणी असेल तर त्यांच्याकडून ५ व्होल्टचा चांगला एसएमपीएस (२३० व्होल्टपासून ५ व्होल्ट करणारा पुरवठा) मिळू शकतो; मात्र त्याचे २३० व्होल्टचे स्क्रू उघडे असतात, तेव्हा तो झाकलेल्या डब्यात बसवावा आणि बोर्डाला जोडण्यापूर्वी मल्टिमीटरने ५ व्होल्टच येत आहेत ना हे मोजावे. पिनांवरून वीज देताना उलटसुलट झाली तर मध्ये वाचवणारे काही नसते.

मल्टिमीटर आहेच तर बोर्ड कामात असताना त्याच्या ५ व्होल्ट आणि ग्राउंड पिनांवर दाब मोजावा. चार्जरच्या तोंडाशी मोजलेल्या आकड्याला अर्थ नाही. हार्ड डिस्कला स्वतःचा अडॅप्टर असलेला यूएसबी हब द्यावा, म्हणजे तिचा भार बोर्डावर पडणार नाही. टाइप-सी सॉकेटच्या बोर्डांचा एक वेगळाच प्रकार आहे: सॉकेटजवळ ५.१ किलोओहमचे दोन रोधक ठरल्याप्रमाणे बसवलेले नसतील तर काही चार्जर वीजच देत नाहीत. २०१९ मध्ये आलेल्या रास्पबेरी पाय ४ च्या पहिल्या आवृत्तीत दोन रोधकांऐवजी एकच सामाईक ठेवल्यामुळे काही केबलींबरोबर नेमके हेच झाले होते. जे एवढ्या मोठ्या संस्थेच्या नजरेतून सुटले, ते चार जणांच्या चमूकडून सुटणे आश्चर्याचे नाही. अशा वेळी साधी, यूएसबी-ए कडून टाइप-सी कडे येणारी केबल वापरून पाहावी.

प्रश्न : एप्रिल-मेमध्ये बोर्ड इतका तापतो की हात लावता येत नाही. पंखा लावावा का?
— वाचक, नाशिक रोड

उत्तर : बोर्ड खोलीच्या तापमानापेक्षा ठरावीक अंशांनी वर राहतो. जानेवारीत २० अंशांच्या खोलीत ५५ वर असलेली चिप मेमध्ये ४० अंशांच्या खोलीत ७५ वर जाणारच. लिनक्समध्ये थर्मल झोनच्या फाइलीत तापमान अंशाच्या हजाराव्या भागात मिळते, म्हणजे ७५००० हा आकडा ७५ अंशांचा. फार चढले तर चिप स्वतःच वेग कमी करते, ती लगेच जळत नाही. चिकटवायचा ॲल्युमिनियमचा हीट सिंक (उष्णता पसरवणारी पट्टी) आणि उघडा किंवा जाळीचा डबा बहुतेकांना पुरतो. सतत व्हिडिओचे किंवा गणिताचे काम असेल तर पंखा लावावा.

प्रश्न : पुतण्याने २०१६ मध्ये परदेशातून आणलेला ९ डॉलरचा 'चिप' नावाचा बोर्ड घरात पडून आहे. द्राक्षबागेत तापमान आणि आर्द्रता नोंदवण्यासाठी तो वापरावा असे मनात आहे, पण तो पुन्हा सुरू करण्याचे संकेतस्थळच उघडत नाही.
— द्राक्ष बागायतदार, दिंडोरी तालुका

उत्तर : उघडणार नाही. हा बोर्ड काढणाऱ्या नेक्स्ट थिंग या कंपनीने २०१५ मध्ये किकस्टार्टरवर २० लाख डॉलरहून अधिक वर्गणी जमवली होती आणि २०१८ मध्ये ती बंद पडली. बोर्डात १ गिगाहर्ट्झची ऑलविनर आर८ चिप, ५१२ एमबी मेमरी आणि बोर्डावरच बसवलेली ४ जीबी साठवण आहे. अडचण अशी की त्यात मेमरी कार्डाची जागा नाही. ऑपरेटिंग सिस्टिम घालायचे साधन ब्राउझरमधून कंपनीच्या सर्व्हरवर चाले आणि कंपनीबरोबर तेही गेले.

तरी वाट पूर्ण बंद नाही. स्वयंसेवकांनी जुन्या इमेज जपून ठेवल्या आहेत. बोर्डावरची 'एफईएल' (यूएसबीवरून सिस्टिम भरण्यासाठीची) ही पिन तारेने ग्राउंडला जोडून मायक्रो-यूएसबीने लिनक्स संगणकाला लावावी. यूएसबी उपकरणांच्या यादीत '१एफ३ए:ईएफई८' हा क्रमांक दिसला तर चिप जिवंत आहे आणि आज्ञा घ्यायला तयार आहे. पुढे सनक्सी-टूल्स हे ऑलविनर चिपांसाठीचे प्रोग्राम वापरून इमेज भरता येते. पण त्या जुन्या इमेज डेबियन जेसीवर (लिनक्सची एक जुनी आवृत्ती) आधारलेल्या आहेत आणि जेसीची दीर्घकालीन सुरक्षा-दुरुस्तीही जून २०२० मध्ये संपली, म्हणून असा बोर्ड थेट इंटरनेटला उघडा ठेवू नये.

आता बागेविषयी, कारण खरा प्रश्न तो आहे. गोडी छाटणीनंतर डाऊनी (केवडा) रोगाचा अंदाज बांधताना पाने किती तास ओली राहिली हे हवे असते. म्हणजे तापमान-आर्द्रतेच्या सेन्सरबरोबर पानाच्या ओलाव्याचा सेन्सर लागेल, आणि दर दहा-पंधरा मिनिटांनी एक नोंद पुरेल. एवढ्यासाठी पूर्ण लिनक्स संगणक रात्रंदिवस जागा ठेवणे मला पटत नाही. वाय-फायसह तो दीड वॅट घेतो असे धरले तर दिवसाला ३६ वॅट-तास होतात. २५०० मिलिअँपिअर-तासांच्या एका लिथियम सेलमध्ये सुमारे ९ वॅट-तास असतात, म्हणजे ढगाळ दिवशी चार सेल एका दिवसात रिकामे. आणि नेमक्या ढगाळ, ओल्या दिवसांची नोंद तुम्हाला सर्वांत जास्त हवी आहे. ईएसपी३२ सारखा मायक्रोकंट्रोलर (ठरावीक छोटे काम करणारी चिप) दोन नोंदींच्या मध्ये गाढ झोपेत जातो, तेव्हा त्याची चिप काही मायक्रोअँपिअरवर राहते आणि तेच सेल कितीतरी दिवस पुरतात. बाग घरापासून लांब असेल तर वाय-फाय पोहोचणार नाही. तिथे लोरा (कमी विजेत लांबवर छोटे संदेश पाठवणारी रेडिओ पद्धत) वापरावे, भारतात त्यासाठी ८६५ ते ८६८ मेगाहर्ट्झ हा पट्टा परवान्याशिवाय खुला आहे. तुमचा जुना बोर्ड घरात ठेवून त्या नोंदी गोळा करण्याचे काम त्याला द्यावे. त्याला लिथियम बॅटरीचा सॉकेट असल्यामुळे वीज गेली तरी तो चालू राहील, हा त्याचा गुण आजही कामाचा आहे.

प्रश्न : आठवीतल्या मुलाला संगणकाची आवड आहे. लोकवर्गणीच्या एका नव्या बोर्डाची जाहिरात फार आकर्षक आहे आणि किंमतही कमी आहे. पैसे भरावेत का?
— पालक, इंदिरानगर

उत्तर : मुलाला शिकायचे असेल तर भरू नयेत, असे मी स्पष्ट सांगेन. वर्गणी म्हणजे खरेदी नव्हे. वस्तू वेळेवर मिळेल याची हमी तिथे नसते. पॅरालेला या १६ कोअरच्या साहाय्यक चिपवाल्या बोर्डाची मोहीम २०१२ मध्ये झाली, बोर्ड पुढच्या वर्षी मिळायचे होते, आणि अनेक वर्गणीदारांना २०१४ उजाडले. पाइन ए६४ ची २०१५ च्या डिसेंबरात सुरू झालेली मोहीम १५ डॉलरच्या आकड्यावर गाजली. पण तो ५१२ एमबी मेमरीचा सर्वांत लहान बोर्ड होता, टपालखर्च वेगळा, अडॅप्टर आणि कार्ड वेगळे. भारतात त्यावर कुरिअरची केवायसी आणि सीमाशुल्क येते. आठवीतला मुलगा नववीत जाईपर्यंत पाकीट पोहोचले तर नशीब.

तरीही मोह आवरत नसेल तर जाहिरातीतला व्हिडिओ बाजूला ठेवून एकच गोष्ट तपासावी: बोर्डावरच्या चिपचा आधार लिनक्सच्या मुख्य कर्नलमध्ये आधीपासून आहे का. असेल, तर कंपनी बुडाली तरी बोर्ड पुढची कित्येक वर्षे नवी सिस्टिम घेऊ शकतो. 'मोहीम यशस्वी झाल्यावर सॉफ्टवेअर तयार करू' असे लिहिलेले असेल, तर आज त्या बोर्डासाठी सॉफ्टवेअर नाही असाच त्याचा अर्थ घ्यावा. बोर्डाचे सर्किट-चित्र प्रसिद्ध केलेले नसेल तर तेही माझ्या दृष्टीने वाईट लक्षण. मुलासाठी दुकानात आज मिळणारा, कोणाचा वापरलेला असला तरी चालेल असा रास्पबेरी पाय घ्यावा, कारण त्याला पडणारा प्रत्येक प्रश्न आधी कोणाला तरी पडलेला असतो.

प्रश्न : पावसाळ्यात आमच्याकडे वीज सारखी जाते. दोनदा बोर्डाचे कार्ड बिघडले आणि सगळे पुन्हा घालावे लागले.
— वाचक, इगतपुरी

उत्तर : कार्डावर काही लिहिले जात असतानाच वीज गेली की फाइलव्यवस्था तुटते, म्हणून लिहिणे कमी करणे हा अर्धा उपाय आहे. लॉगच्या फाइली कार्डाऐवजी मेमरीत ठेवाव्यात. आर्मबियनमध्ये ही सोय आधीपासून असते. बोर्ड ठरावीक एकच काम करत असेल तर मुख्य विभाग 'फक्त वाचनासाठी' ठेवून बदल मेमरीतल्या ओव्हरलेमध्ये (वरच्या तात्पुरत्या थरात) जातील अशी रचना करावी, मग वीज कधीही गेली तरी कार्डाला धक्का लागत नाही. ज्या नोंदी टिकायलाच हव्यात त्यांच्यासाठी वेगळा पेन ड्राइव्ह ठेवावा. राउटरसाठी मिळणारे छोटे यूपीएस बहुधा १२ व्होल्टचे असतात. ५ व्होल्टचा वेगळा आउटपुट असलेला पाहून घ्यावा आणि तो किती अँपिअर देतो हे खोक्यावर वाचावे. सगळे मनासारखे चालू झाले की त्याच दिवशी कार्ड काढून त्याची पूर्ण इमेज लॅपटॉपवर घ्यावी आणि तेवढ्याच किंवा मोठ्या आकाराच्या दुसऱ्या कार्डावर ती लिहून, ते कार्ड बोर्डाच्याच डब्यात चिकटवून ठेवावे.